अंगणांतील कुमुदाचें तळें

भिवंडी तालुका हा मूळचा भाताचा मुलूख. पूर्वी येथील गांवतळ्यांतून आणि खाचरांच्या कडेच्या डबक्यांतून पावसाळ्यांत कुमुदाचीं फुलें विपुल दिसत. आतां शहराच्या दक्षिणेस पूर्णा, काल्हेर, राहनाळ, माणकोली या गांवांकडे जावें, तों खाचरांच्या जागीं मालाचीं गुदामें उभीं आहेत. शेत गेलें कीं त्याच्या पोटांतलें तळेंही जातें. आमची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर अशा जागेपुढें फार करून ‘पोटखराब’ एवढाच शब्द असतो. पीक नाहीं, आकारणी नाहीं, म्हणून तीवर भराव पडतांना कोणास हळहळ वाटत नाहीं. परंतु त्या चिखलांत कुमुदाचे कंद निजलेले असतात. ते घरच्या अंगणांत कसे जगवावे, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

नांवें व जाती.— बोलण्यांत आपण सर्वांसच कमळ म्हणतों. खऱ्या कमळाचें पान वाटोळें, अखंड असून पाण्याच्या वर उंच उभें राहतें. कुमुदाचें पान देठापाशीं चिरलेलें असतें आणि पाण्यावर सपाट पसरतें. कास पठारावरील कुमुदिनी तळ्यांत जीं लहान, झालरीच्या पाकळ्यांचीं पांढरीं फुलें दिसतात, तीं तर निराळ्याच कुळांतील आहेत.

आपल्याकडे कुमुदाचे मुख्य प्रकार दोन. एक निळसर, तें सकाळीं उमलून दुपार कलतांना मिटतें. दुसरें पांढरें किंवा तांबडें, दातेरी पानांचें. तें संध्याकाळीं उमलतें व दुसऱ्या दिवशीं ऊन चढल्यावर मिटतें. एकेक फूल असें तीन-चार दिवस टिकतें. दिवसभर कामावर असणाऱ्यानें दुसरा प्रकार लावावा, म्हणजे घरीं परतल्यावर फूल पाहावयास मिळेल. रोपवाटिकांतून पिवळे व गुलाबी संकरही मिळतात. फ्रान्समधील लातूर-मार्लियाक यानें असले रंगीत संकर १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडले होते. तथापि आरंभ गांवच्या कंदापासूनच करावा. तळें आटलें तरी तो चिखलांत जिवंत राहतो आणि पावसाबरोबर फुटतो.

कंद आणणें.— फाल्गुन-चैत्रांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे कंद काढण्यास सोपे जातात. तळें खाजगी असल्यास खातेदाराची, गांवचें असल्यास ग्रामपंचायतीची संमति आधीं घ्यावी. चालू तळ्यांतून दोन-चारच कंद घ्यावे. जेथें भराव ठरलेला आहे, तेथून मात्र वांचवितां येतील तितके आणावे.

जागा व पाणी.— चार फूट रुंद व दोन फूट खोल सिमेंटची टांकी एका घरास पुरे. तिला रोज पांच-सहा तास ऊन मिळालें पाहिजे. सावलींत पानें येतात, फुलें येत नाहींत. कुमुदास पाणी संथ लागतें, म्हणून टांकींत कारंजें नसावें. नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग घालावें. सांडव्यास बारीक जाळी बसवावी, नाहींतर आषाढांतील पावसांत मासे वाहून जातात.

लागवड.— पसरट घमेल्यांत खाचराची चिकण माती भरावी. ताजें शेण वा पालापाचोळा घालूं नये. तो पाण्यांत कुजतो व त्याबरोबर कंदही कुजतो. कंदाचा कोंब मातीच्या वर ठेवून भोंवतीं बोटभर जाड रेती पसरावी. प्रथम घमेल्याखालीं विटा रचून कोंबावर वीतभरच पाणी ठेवावें. पानें वाढतील तसतशा विटा काढीत जावें. शेवटीं एक-दीड फूट पाणी असावें.

निगा.— ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत महिन्यास मूठभर हाडांचें पीठ मातीच्या गोळ्यांत घालून मुळापाशीं खोल दाबावें. खत पाण्यांत मिसळलें कीं पाणी हिरवें होतें. पानांनीं टांकीचा अर्धा ते दोन-तृतीयांश भाग झांकला, म्हणजे हा उपद्रव पुष्कळसा आपोआप कमी होतो. त्याहून दाटी झाल्यास जून व पिवळीं पानें देठासह काढावीं. मावा पडल्यास पाण्याच्या धारेनें धुवावा. औषध फवारूं नये, मासे मरतात. दोन वर्षांनीं कंद विभागून नवी माती द्यावी.

डांस.— अंगणांत तळें म्हटलें कीं शेजारी डांसांचें नांव काढतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. डेंग्यूचा डांस घराजवळच्या स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो व आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. ज्यास मासे पाळणें जमणार नाहीं, त्यानें टांकी बांधूं नये. गप्पी मासे या अळ्या खाऊन टाकतात. आरोग्य खातेंही याच कामीं ते वापरतें. मात्र गप्पी परदेशी आहेत. त्यांस नदी-ओढ्यांत सोडूं नये. घरांत लहान मूल असल्यास टांकीवर लोखंडी जाळी अवश्य असावी.

जलपर्णी.— जांभळ्या फुलांस भुलून कोणीही टांकींत जलपर्णी घालूं नये. दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठीं आलेल्या या वनस्पतीनें उल्हास नदीची काय दशा केली, हें कल्याणच्या बाजूस जाऊन पाहावें. कुमुदाचीं पानें उघडें पाणी राखून वाढवितां येतात. जलपर्णी सगळेंच झांकून टाकते व खालीं मासा जगूं देत नाहीं.

एका टांकीनें गेलेलें तळें परत येत नाहीं. तळें पाणी मुरवितें, पांखरांस व बेडकांस आसरा देतें. टांकीस तें साधणार नाहीं. पण कंद जिवंत राहिला, तर उद्यां एखाद्या गांवानें आपलें तळें गाळ काढून मोकळें केलें असतां त्यांत लावावयास गांवचेंच बीज मिळेल. म्हणून ज्यांच्या शेजारीं यंदा भराव पडणार आहे, त्यांनीं पावसाची वाट न पाहतां आधींच घमेलें घेऊन निघावें, अशी आमची विनंति आहे.