मुलांना येतं, पण सांगता येत नाही. असं का होतं?

"सर, मुझे आता था."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून परत येताना आठवीतली माझी एक विद्यार्थिनी एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिने पाणी स्वच्छ करण्याचं मॉडेल केलं होतं. वाळू, खडी, कोळसा, फिटकरी सगळं तिने स्वतः जमवलं होतं. मी लिहून दिलेली दीड पान माहिती तिने न अडखळता म्हणून दाखवली. मग परीक्षकांनी विचारलं, "बेटा, तुरटीने गढूळ पाणी निवळतं कसं?" ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. घरी ती "गदला पानी" आणि "फिटकरी" म्हणते. तुरटी, गढूळ, निवळणं हे शब्द माझ्या कागदात नव्हतेच. तिथे जलशुद्धीकरण वगैरे जड शब्द होते. नंबर गेला.

चूक तिची नव्हती, माझी होती. आपल्या धाडसारख्या गावात उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या किती मुलांचं असं होत असेल! पुढे कॉलेज प्रवेशाची मुलाखत असो, नोकरीची असो की ग्रामसभेत मांडायचा प्रश्न असो, ज्ञान असूनही माणूस मागे राहतो. म्हणून संवादाचं शास्त्र काय सांगतं ते पाहू.

बोललं म्हणजे पोहोचलं असं नाही

1948 साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांच्यापुढे प्रश्न तारांचा होता. एका टोकाने पाठवलेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा पोहोचवायचा? संदेश पाठवणारा, मधला मार्ग आणि घेणारा अशी त्यांची मांडणी आहे. वाटेत जो अडथळा येतो त्याला त्यांनी गोंगाट म्हटलं. पुढच्याच वर्षी वॉरन वीव्हर यांच्यासोबत हे पुस्तकरूपाने आलं आणि माणसांच्या बोलण्यालाही ही मांडणी लावली जाऊ लागली.

गोंगाट म्हणजे फक्त भोंगा किंवा पंख्याचा आवाज नव्हे. अनोळखी शब्द हाही गोंगाटच. मनातली भीती हाही गोंगाट. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हॉल शांत होता, तरी "तुरटी" आणि "फिटकरी" यांच्या मधोमध संदेश अडकला.

1954 मध्ये विल्बर श्रॅम यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचं आपापलं अनुभवाचं वर्तुळ असतं. ही दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तेवढंच बोलणं समजतं. मग चांगल्या वक्त्याचं पहिलं काम काय? ती सामायिक जागा शोधणं.

गाडगेबाबांचा वर्ग

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या वऱ्हाडाकडे बघा. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. ते गावात आले की आधी झाडू घेऊन रस्ते साफ करायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोक मोठ्याने उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. भाषा शेतकऱ्याची, उदाहरणं कर्जाची, दारूची, शिवाशिवीची. ऐकणाऱ्याला कळलं की नाही, हे त्यांना लगेच समजायचं. पुस्तकात यालाच प्रतिसाद म्हणतात. शिवाय सकाळचा झाडू रात्रीच्या शब्दांची साक्ष द्यायचा.

आणि "मराठी आपल्याला जमत नाही" असं म्हणणाऱ्या मुलांना मी शाहीर अमर शेख यांचं नाव सांगतो. 1916 साली बार्शीत एका मुस्लिम घरात जन्मलेला हा माणूस. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांच्या बरोबरीने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या मराठी आवाजाने हजारोंच्या सभा जिंकल्या. भाषा जात-धर्म बघत नाही, सराव बघते.

एक गैरसमज

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि देहबोली. हा आकडा अल्बर्ट मेहरेबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आला. पण ते प्रयोग सुटे शब्द आणि आवड-नावड अशा भावनांपुरते होते. विज्ञानाचं मॉडेल किंवा ग्रामसभेतला पाण्याचा प्रश्न त्यात बसत नाही. ताठ उभं राहा, समोर बघा, हे ठीकच. पण सांगायला मुद्दा हवा आणि तो समोरच्याच्या शब्दांत हवा.

मग करायचं काय?

पाठांतर बंद करा. कागदावर फक्त चार-पाच शब्द लिहा आणि त्यावरून बोला.

सुरुवात ऐकणाऱ्याच्या अनुभवातून करा. "पावसाळ्यात नळाला असं पाणी येतं," म्हणत गढूळ पाण्याची बाटली दाखवली की लोक ऐकू लागतात.

मुद्दे तीनच ठेवा. एक मुद्दा झाला की क्षणभर थांबा.

विषयातले दहा महत्त्वाचे शब्द उर्दू आणि मराठी दोन्हीत लिहून काढा. फिटकरी–तुरटी, गदला–गढूळ.

सराव दोघांसमोर करा. एक घरातली दादी, जिला विषय माहीत नाही. दुसरी शेजारची मराठी शाळेतली मैत्रीण. दोघींना प्रश्न विचारायला लावा.

आणि एक वाक्य प्रत्येक मुलाला शिकवा: "सर, हा शब्द मला समजला नाही, दुसऱ्या शब्दांत सांगाल का?" हे विचारण्यात कमीपणा नाही. त्या दिवशी एवढं एक वाक्य तिच्याकडे असतं, तर परीक्षकांनी नक्कीच सोपं करून विचारलं असतं.

नंतर वर्गात मी तोच प्रश्न तिला उर्दूत विचारला. तिने लगेच सांगितलं: फिटकरीमुळे मातीचे बारीक कण एकत्र येतात, जड होतात आणि खाली बसतात, पण जंतू उरतात, म्हणून पाणी उकळायचं. उत्तर पूर्ण बरोबर होतं. मग तेच तिने मराठीत सांगितलं, अडखळत, पण स्वतःच्या शब्दांत. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पालकांनो, मूल घरी आलं की "आज काय शिकलास?" एवढ्यावर थांबू नका. "मला समजावून सांग" असं म्हणा. रोज पाच मिनिटं पुरेत.