जामुलच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड थंड ठेवताना

भिलाईजवळच्या जामुलमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिमेंट कारखान्याच्या या गावात धुळीचाही विचार करावा लागतो. हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारी चिप, भार आणि पंख्याचा वेग तोच असल्यास, ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात पोहोचते. मग कार्ड स्वतःच वेग कमी करते.

आधी धूळ काढा, सुकलेली थर्मल पेस्ट बदला. तरीही कार्ड तापत असेल तरच वेगळा कूलर घ्या. चिपभोवतीच्या स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर जुळते का, कॅबिनेटमध्ये जागा आहे का, हे मोजून पाहा. मोठे कूलर तीन स्लॉट अडवतात. मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या चिपांवर थर्मल पॅड किंवा छोटे हीटसिंक लावायलाच हवेत. त्या उघड्या राहिल्या तर कार्ड निकामी होऊ शकते. स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

मूळ कूलर काढल्यास वॉरंटी जाऊ शकते. त्यामुळे मुदत शिल्लक असेल, तर आधी अटी वाचा.