ओट्यावरची हजेरी

मे महिन्यात दिवस कलला, की आमच्या जुन्या पनवेलच्या आळीत अंगणाअंगणांत पाण्याचा सडा पडायचा. तापलेली माती निवायची आणि बायका एकेक करून ओट्यावर येऊन टेकायच्या. कुणाच्या मांडीवर निवडायची भाजी, कुणाच्या ओंजळीत मोगऱ्याच्या कळ्या. देहरंग धरणाचं पाणी उद्या कधी येणार, इथपासून कुणाच्या कुरडया बिघडल्या, इथपर्यंत सगळं तिथेच कळायचं. एखादी दिसली नाही, की "अगं, आज ही कुठे राहिली?" म्हणून लगेच एखादं पोर तिच्या दारात धाडलं जायचं.

ती रोजची हजेरीच होती, हे मला गेल्या उन्हाळ्यात उमगलं. आमच्या इमारतीतल्या पंचाहत्तरीच्या काकू संध्याकाळी बाथरूममध्ये पडल्या. सकाळी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली पाहून कामवालीने आरडाओरडा केला, तेव्हा आम्हाला कळलं. मधे एक भिंत, आणि अख्खी रात्र काकू एकट्या! भिंतीपलीकडे एसी लावून मालिका बघत मीच होते. गावभर लोकांचे प्रश्न सोडवत फिरणारी मी!

1987 साली 'रामायण' लागायचं, तेव्हा एका टीव्हीसमोर सारी आळी जमायची. पुढे केबल आली, घरोघरी टीव्ही झाला. वाडे पडून इमारती उठल्या, अंगणाचं पार्किंग झालं. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की माणसं पुन्हा खाली यायची. इन्व्हर्टर आले आणि तेही थांबलं.

मैत्रिणींनो, ओट्यावर सगळं गोडच होतं असं नाही. उखाळ्यापाखाळ्या व्हायच्या, नव्या सुनेला तिथे बसायची मुभाही नसायची. ते परत नकोच. पण चौकशी करणारं माणूस तरी हवं ना!

म्हणून यंदा मी पार्किंगच्या कोपऱ्यात चार खुर्च्या मांडल्या. पहिले दोन दिवस मी एकटीच. तिसऱ्या दिवशी वॉकर टेकत काकू आल्या, मग समोरच्या सूनबाई बाळाला घेऊन. आता सात-आठ जणी जमतो. मोबाईल मात्र पिशवीत.

परवा एका मीटिंगहून दमून आले आणि खाली गेलेच नाही. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात शेजारचा छोटू.

"काकूआजींनी विचारलंय, तुम्ही बऱ्या आहात ना?"