डावा कोपरा आणि आपला घसा

सध्या आपल्या हॉस्टेलवर एकाच माणसाची चर्चा आहे. नाव लिहीत नाही, त्यालाच आवडणार नाही. पण सेकंड इयर मेकॅनिकलचा, डाव्या कोपऱ्यात खेळणारा म्हटलं की मेसच्या काकांपर्यंत सगळ्यांना कळतं. काका त्याला न मागता चौथी पोळी वाढतात. त्याच्या रूमच्या दारावर कोणीतरी खडूने 'वाघाची गुहा' असं लिहून ठेवलंय. कबड्डीत इतकं प्रेम सहसा चढाईवाल्याच्या वाट्याला जातं, पकड करणाऱ्याला कोण विचारतो? म्हणून आपलं कौतुकच आहे. पण इंटर-कॉलेजची सेमीफायनल आपण एका गुणाने हरलो, त्यात त्याची चूक थोडी आणि आपली बरीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे. रागावू नका, आधी खेळ समजून घ्या.

माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे फुटबॉल आणि बास्केटबॉल. कबड्डी मला कळली ती सुट्टीत, मुरुडला, आजोबांच्या शेजारी मातीत बसून. (मुरुड म्हणजे लातूरचं. समुद्र नाही, जंजिरा नाही. फर्स्ट इयरला हे सांगून सांगून दमलो.)

मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूकडे फक्त 30 सेकंद असतात आणि कोणाला स्पर्श झाला नाही तर त्याला किमान निदान रेषा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. म्हणजे बघा, त्याला आत यावंच लागतं. सात जणांच्या फळीत दोन टोकांना, सगळ्यात मागे जे दोघं उभे असतात ते कोपरारक्षक. त्यांचं मुख्य काम म्हणजे वाट बघणं.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. चढाईपटू नुसता उभा असतो तेव्हा वजन दोन्ही पायांवर असतं, कुठलाही पाय तो क्षणात काढून घेऊ शकतो. तेव्हा घोट्यावर झडप घातली तर हातात माती येते. पण बोनस घ्यायचा तर पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि मागचा हवेत लागतो. त्या क्षणी सगळं वजन पुढच्या पायावर! तो पाय आता उचलता येत नाही. कोपऱ्याला हवा असतो तो हाच अर्धा सेकंद. त्याच्या आधी गेला तर फसला, नंतर गेला तर बोनस गेला.

आणि फसल्याची किंमत बघा. पकड झाली तर एक गुण. (फळीत तिघे किंवा कमी असतील तर सुपर टॅकलचे दोन.) फसली तर कोपरा बाद, मदतीला धावून अंगाला लागलेला मध्यरक्षक बाद, कधीकधी तिसराही. चढाईवाल्याला काही मिळालं नाही तर तो हात हलवत परत येतो, नुकसान काही नाही. ही सोय कोपऱ्याला नाही.

इराणचा मोहम्मदरेझा शादलूई पुणेरी पलटणकडून खेळला तो हंगाम आठवा. पलटणने 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणाला 28-25 ने हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. आपल्या टीव्ही रूममध्ये त्याचं मांडी ठोकणं सगळ्यांना पाठ होतं. हंगामात त्याने पकडीचे 99 गुण मिळवले, तेही तेवीसाव्या वर्षी. पण टीव्हीवर हायलाइट्स म्हणजे फक्त झडपा. तो हललाच नाही, पाय मागे घेऊन नुसता बघत राहिला, त्या चढाया कोण दाखवणार? महाराष्ट्राचा गिरीश इर्नकही डाव्या कोपऱ्याचाच, 2018 च्या जकार्ता एशियन गेम्सला भारताकडून गेलेला. तुमच्यापैकी कितीजणांना त्याचं नाव माहीत होतं, खरं सांगा.

आता सेमीफायनल. शेवटची चढाई त्यांची. आपण एक गुण पुढे. आणि त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे ही तिसरी, करो या मरो. त्या चढाईत गुण नाही मिळाला तर चढाईपटूच बाद होतो. आपल्या पोरांनी काहीही करायचं नव्हतं. नुसतं लांब राहायचं होतं!

आणि आपण काय करत होतो? अडीचशे-तीनशे जण, डबे, थाळ्या, एक ढोल, आणि "धर! धर! धर!" मीसुद्धा. माझाच आवाज सगळ्यात मोठा होता असं रूम पार्टनर म्हणतो. त्याने एकदा आपल्याकडे मान वळवून बघितलं, ते मला अजून दिसतं. मग तो गेला. चढाईवाल्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. घोटा सुटला, मध्यरक्षक मदतीला आला, दोघं बाद, दोन गुण, संपलं.

रात्री मेसमध्ये काही जण म्हणाले, पोरगा घाईचा आहे, प्रेशर घेत नाही. तोपर्यंत दारावरचा खडूही कोणीतरी पुसला होता. एकोणीस वर्षांचा मुलगा, इतक्या लोकांनी एकदम हाक मारली तर जाणार नाही का?

दिवाळीत हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी मॅचचा स्कोअर विचारला नाही. म्हणाले, "तुम्ही कशाला वरडू लालाव? त्याला बघू द्या की."

पुढच्या महिन्यात परत मॅचेस आहेत. तो रोज सकाळी साडेपाचला ग्राउंडवर असतो, एकटा, कोपऱ्यात. परवा मी लवकर उठलो म्हणून (सबमिशन होतं) खाली गेलो. थर्ड इयरचा एकजण चढाई करत होता, खोटा पाय टाकत होता, एकदा, दोनदा, पाच वेळा. हा हलला नाही. मी जाळीजवळ उभा होतो, तोंडावर हात ठेवून.