मुठीत मावणारा फोन

स्मार्टफोनचा आकार पडद्याच्या कर्णावरून, म्हणजे इंचांत सांगितला जातो. हाताला मात्र जाणवते ती फोनची रुंदी. बसमध्ये एका हाताने दांडी धरलेल्या प्रवाशाला वरची सूचनापट्टी खाली ओढायची असेल, तर तळहात सरकतो, करंगळी फोनच्या बुडाशी टेकू देते आणि अंगठा समोरच्या कोपऱ्याकडे ताणला जातो. फोन हातातून निसटतो तो बहुधा याच क्षणी.

इंचांचा आकडा फसवा आहे, कारण पडद्याची ठेवणच बदलली. १६:९ प्रमाणातला ५.५ इंची पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद असतो. २०:९ प्रमाणातला ६.१ इंची पडदा त्याहून मोठा म्हणवला जातो, पण भरतो जेमतेम ६४ मिलिमीटर. शिवाय भोवतीच्या कडाही आक्रसल्या. २०१४ चा आयफोन ६ प्लस ५.५ इंची असून ७७.८ मिलिमीटर रुंद होता. २०२५ चा ६.२ इंची गॅलेक्सी एस२५ ७०.५ मिलिमीटरमध्ये बसतो.

मग खरोखर लहान फोन मागे का पडले? मोठे कारण बॅटरीचे आहे. २०२० चा आयफोन १२ मिनी ५.४ इंची, ६४.२ मिलिमीटर रुंद. ६.१ इंची आयफोन १२ च्या तुलनेत त्याचा पडदा आणि बॅटरी दोन्ही साधारण एकपंचमांशाने लहान. हिशेब बरोबर सुटायला हवा होता; पण प्रोसेसर आणि मोडेम दोघांत सारखेच होते आणि त्यांची विजेची भूक पडद्याबरोबर कमी होत नाही. त्यामुळे कंपनीच्याच आकड्यांनुसार सलग व्हिडिओचा वेळ १७ तासांवरून १५ वर आला. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगची जागा यांनाही ठरावीक जागा लागतेच. काटछाट होते ती बॅटरीची. २०२२ मध्ये मिनी मालिका थांबली. असुसचा ५.९ इंची झेनफोन १० हा २०२३ मधला अतिशय सरस छोटा फोन. पुढच्या वर्षीचा झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांवर गेला.

आता आशा आहे ती सिलिकॉन-कार्बन बॅटरीची. नेहमीच्या बॅटरीत ऋणाग्र ग्रॅफाइटचे असते. तेवढ्याच वजनाचे सिलिकॉन त्याच्या कित्येक पट लिथियम सामावून घेते, पण चार्ज होताना खूप फुगते. म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून वापरतात. २०२५ मध्ये भारतात आलेल्या ६.३२ इंची वनप्लस १३एसमध्ये ५८५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी बसली ती याच तंत्राने. त्याची रुंदी मात्र सुमारे ७२ मिलिमीटर आहे, म्हणजे मिनीची जागा तो घेत नाही.

छोटा फोन शोधताना म्हणूनच तपशिलातली मिलिमीटरमधली रुंदी आधी पाहावी, मग उंची आणि वजन. ६५ मिलिमीटरच्या आतला नवा फोन आज क्वचितच सापडतो. ७० च्या आसपासचा मिळतो. कव्हर घातल्यावर त्यात आणखी काही मिलिमीटरांची भर पडते, हेही धरून चालावे.