सौदा ठरला, पण करार झाला नाही: मधल्या दिवसांतलं कर्तव्य

मंडळी, मागच्या वेळी आपण वचनापाशी थांबलो होतो. वचन माणसाला कशाने बांधतं, उच्चाराने की समोरच्याने टाकलेल्या विश्वासाने, असा तो प्रश्न होता. आज तोच प्रश्न एका घराच्या व्यवहारातून पाहू. व्यवहार इंग्लंडमधला, आणि निमित्त आमची भाची.

तिला आणि तिच्या नवऱ्याला तिकडे एक घर आवडलं. त्यांनी किंमत सांगितली, मालकीणबाईंनी होकार कळवला. बाई वयस्कर, मुलीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या. या पैशांच्या भरवशावर त्यांनी तिकडे एक फ्लॅटही ठरवला होता. पाच आठवडे गेले आणि जावईबापूंची बदली होण्याची चिन्हं दिसू लागली. भाचीचा फोन आला. "मामा, सॉलिसिटर म्हणतात, आत्ता मागे फिरलात तर काही होणार नाही. मग मला झोप का लागत नाही?"

सॉलिसिटरचं बरोबर होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये किंमत मान्य झाली तरी व्यवहार 'कराराच्या अधीन' राहतो. मग कर्जाची मंजुरी, घराचा सर्व्हे, स्थानिक नोंदींचा तपास, हे सगळं चालतं. शेवटी दोन्ही बाजूंनी सही केलेल्या एकसारख्या प्रतींची अदलाबदल होते. पूर्वी ती समोरासमोर होई, आता बहुधा दोन सॉलिसिटर फोनवरच उरकतात. त्या क्षणी करार होतो, आणि साधारण दहा टक्के रक्कम अनामत द्यावी लागते. त्याआधी खरेदीदार किंवा विक्रेता, कोणीही कारण न सांगता उठून जाऊ शकतो. भरपाई नाही. सर्व्हेचे आणि वकिलाने केलेल्या कामाचे पैसे ज्याचे त्याने सोसायचे. 1989च्या कायद्याने तर जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखी, सगळ्या अटींसह आणि दोघांच्या सहीचाच हवा असं ठरवलं. तोंडी बोलण्याला करार म्हणून किंमतच उरली नाही. (शेजारच्या स्कॉटलंडची पद्धत वेगळी. तिथे वकिलांच्या पत्रांतून प्रस्ताव आणि स्वीकृती पूर्ण झाली की दोघं बांधले जातात.)

भाची वाढली पुण्यात. आपल्याकडे टोकन दिलं, पेढे वाटले की घर 'झालं'. तोंडी ठरावही तत्त्वतः करार ठरू शकतो, सिद्ध करताना दमछाक होते ती वेगळी. तेव्हा तिला टोचत होतं ते पुण्याचं वळण, असं म्हणून विषय मिटवता आला असता. आम्हाला ते पटलं नाही.

डेव्हिड ह्यूम म्हणतो, वचन ही माणसांनी समाजाच्या सोयीसाठी उभी केलेली रूढी आहे. ठीक. मग 'कराराच्या अधीन' ही तिच्याच पोटातली दुसरी रूढी झाली: आम्ही बोलतोय, पण शब्द अजून देत नाही. दोघांनाही ते ठाऊक असतं. म्हणजे भाचीने वचन मोडलं असतं का? नाही. ते दिलंच नव्हतं.

पण टी. एम. स्कॅनलन यांनी 1998च्या ग्रंथात एक मुद्दा मांडलाय, तो इथे नेमका लागू पडतो. आपण जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे एखाद्याच्या मनात अपेक्षा निर्माण केली, आणि ती फोल ठरली तर त्याचं मोठं नुकसान होईल हे आपल्याला दिसतंय, तर ते टाळण्यासाठी वाजवी पावलं उचलणं आपल्याकडे लागतं. यासाठी वचन द्यावं लागत नाही. घर घ्यायलाच पाहिजे असंही नाही. वेळेवर सावध केलं तरी पुष्कळदा पुरतं.

भाचीला आम्ही हेच सांगत होतो, तेव्हा तिने खरी गोष्ट काढली. "बदली अजून नक्की नाही, मामा. पंधरा दिवस गप्प राहते. झाली तर सांगेन, नाही झाली तर घर आपलंच." बघा, खरी अडचण इथे होती! माघार घ्यायचा हक्क तिला होताच. पण त्या पंधरा दिवसांत बाई फ्लॅटच्या सर्व्हेचे पैसे भरणार होत्या, सामान बांधणार होत्या. गप्प राहण्याची किंमत दुसऱ्याच्या पिशवीतून जाणार होती. आणि बोलावं तर भाचीचंही नुकसान: बाई दुसरं गिऱ्हाईक शोधतील, बदली झालीच नाही तर आवडलेलं घर हातचं जाईल. आम्ही खुर्चीत बसून उपदेश करत होतो, घर तिचं जाणार होतं, हेही कबूल करायला हवं.

तिने त्याच संध्याकाळी एजंटला कळवलं. बाईंनी आठवडाभर थांबायची तयारी दाखवली आणि फ्लॅटचा सर्व्हे पुढे ढकलला. सहाव्या दिवशी बदलीचं पत्र आलं. बाईंचे सर्व्हेचे पैसे वाचले. फ्लॅट मात्र गेला, कारण त्या मालकाला थांबायचं नव्हतं.