उजेडाची मात्रा

नोव्हेंबर लागला की परदेशातल्या कित्येक मराठी घरांत मरगळ शिरते. तिच्यामागचं शरीरशास्त्र आता बरंच उलगडलं आहे आणि तिच्यावर उपायही आहेत.

१७ मे १८९८ रोजी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात सूर्य मावळला, तो जवळपास सत्तर दिवसांसाठी. 'बेल्जिका' हे बेल्जियन मोहिमेचं जहाज मार्चपासूनच बर्फात घट्ट अडकलेलं होतं. अंधार सुरू झाला आणि काही दिवसांतच माणसं खचू लागली. चेहरे फिकट आणि सुजलेले, नाडी अनियमित, अन्नावरची वासना उडालेली, कामात लक्ष नाही. पाच जूनला हृदयविकार असलेला एक तरुण अधिकारी दगावला. एका खलाशाचं मानसिक संतुलन पुढे पार बिघडलं.

जहाजावरचा अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक हे सगळं बारकाईने टिपत होता. त्याने दोन उपाय केले. पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं आणि रोज ठरावीक वेळ आजाऱ्यांना कपडे उतरवून धगधगत्या शेगडीसमोर उभं केलं. माणसं सावरली. यातला बराचसा गुण ताज्या मांसाचा होता, कारण त्यांना स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजारही झाला होता. शेगडीचा उजेडही आजच्या मोजमापात तुटपुंजाच भरेल. पण सूर्य दिसेनासा झाला की शरीर आणि मन दोन्ही आजारी पडतात, ही कुकची नोंद काळाच्या फार पुढची होती. तिची शास्त्रीय तपासणी व्हायला आणखी ऐंशी वर्षं जावी लागली.

आज अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' आणि 'भारती' या भारतीय तळांवर दर वर्षी एक तुकडी हिवाळाभर राहते. तिथेही सूर्य जवळपास दोन महिने क्षितिजावर येत नाही. गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून या मोहिमा आखल्या जातात आणि निवडलेल्यांची आधी वैद्यकीय तपासणी होते. त्यांना पुढे काय येणार हे माहीत तरी असतं. लंडन, टोरांटो किंवा स्टॉकहोमला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींना मात्र कोणी याची कल्पना दिलेली नसते.

अकरा तास आणि सहा तास

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा मुंबईत जवळपास अकरा तास सूर्य असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो आठ तासांहूनही थोडा कमी असतो, तर स्टॉकहोममध्ये जेमतेम सहा तास. लंडनला सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. अंधारात घर सोडायचं, दिवसभर ट्यूबलाइटखाली बसायचं आणि अंधारातच परतायचं, असं करत सोमवार ते शुक्रवार उन्हाचं दर्शनच घडत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतली जातात. म्हणजे आपली दिवाळी येते आणि तिच्याच आसपास तिथली संध्याकाळ एकदम तासभर अलीकडे सरकते.

पुढे जे होतं ते अनेकांच्या ओळखीचं असेल. दहा तास झोपूनही उठावंसं वाटत नाही. गोड आणि पिठूळ खाण्याची हाव सुटते, वजन वाढतं. मित्रांचे फोन घ्यावेसे वाटत नाहीत. आवडीची कामंही ओझं वाटू लागतात. एप्रिल आला की हे मळभ आपोआप हटतं आणि माणूस सगळं विसरूनही जातो. निदान दोन वर्षं ओळीने ठरावीक ऋतूत नैराश्य आलं आणि ऋतू पालटताच गेलं, तर डॉक्टर त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतं आणि बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतं.

एका इंजिनिअरची टिपणवही

नॉर्मन रोझेन्थल हा डॉक्टर जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हात वाढला आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कला आला. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्याला स्वतःलाच जाणवलं. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झाला. तिथेच १९८० मध्ये आल्फ्रेड ल्यूई आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा शोध लावला होता. रात्री शरीरात स्रवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक प्रखर प्रकाशाने माणसातही दबतं. घरातल्या दिव्यांनी ते दबत नव्हतं, म्हणून तोवर माणूस याला अपवाद मानला जात होता. ल्यूईंनी २,५०० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) प्रकाश वापरला आणि तो समज मोडीत निघाला.

त्याच सुमारास एक इंजिनिअर या संस्थेकडे आला. आपल्या मनःस्थितीचे चढउतार त्याने वर्षानुवर्षं वहीत टिपून ठेवले होते आणि ते दिवसाच्या लांबीबरोबर हलतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. संशोधकांनी हिवाळ्यात त्याला पहाटे आणि संध्याकाळी प्रखर दिव्यांसमोर बसवलं, म्हणजे त्याचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला. काही दिवसांतच तो नैराश्यातून बाहेर आला. १९८४ मध्ये रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी अशा २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या आजाराला नाव मिळालं.

डोळ्यांचं दुसरं काम

उजेडाचा मनाशी संबंध येतो कुठून? याचं उत्तर डोळ्यांत सापडलं. दृष्टिपटलातल्या शंकू आणि दंडगोल पेशींमुळे आपल्याला दिसतं, हे आपण शाळेत शिकलो. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांच्या गटाला बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं, की दृष्टिपटलातच तिसऱ्या प्रकारच्या काही मोजक्या पेशी स्वतः प्रकाश ओळखतात. मेलॅनॉप्सिन असतं ते याच पेशींत. त्यांचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नसून बाहेर किती उजेड आहे ते मेंदूला कळवण्याचं आहे. आकाशाच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचा निरोप जातो मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या जैविक घड्याळाकडे. झोप, भूक, शरीराचं तापमान यांचं वेळापत्रक हे घड्याळ सांभाळतं.

सकाळचा उजेड या घड्याळाला रोज जागेवर आणतो. तो मिळाला नाही, तर अनेकांचं घड्याळ मागे पडत जातं. ऑफिसात नऊ वाजलेले असतात आणि शरीराच्या लेखी अजून पहाटच असते. मनःस्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचीही यात भूमिका दिसते. कोपनहेगनमधल्या मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासात आढळलं, की हिवाळ्याचा त्रास न होणाऱ्यांच्या मेंदूत सेरोटोनिन शोषून घेणारं प्रथिन हिवाळ्यात कमी होतं. त्रास होणाऱ्यांच्या मेंदूला हे जुळवून घेणं जमत नाही. म्हणून अशा माणसाला "आळस झटक" असं सांगणं अन्यायाचं आहे. त्याच्या शरीरात खरोखरच काहीतरी बिनसलेलं असतं.

किती, केव्हा, कसा

उजेड हे औषध मानलं, तर त्याची मात्रा आणि वेळ पाळावी लागते. घरातला किंवा ऑफिसातला प्रकाश साधारण १०० ते ५०० लक्स असतो. डोळ्यांना तो पुरेसा भासतो, घड्याळाला पुरत नाही. बाहेर ढगाळ हिवाळी दिवशीसुद्धा त्याच्या कित्येक पट उजेड असतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: उजाडल्यावर अर्धा तास उघड्यावर चालणं. ते जमत नसेल तर दुपारच्या सुट्टीत तरी बाहेर पडावं.

तेवढ्याने भागलं नाही, तर लाइट बॉक्स. प्रचलित मात्रा आहे १०,००० लक्स, रोज सुमारे अर्धा तास, सकाळी उठल्यावर लवकरात लवकर. अतिनील किरण गाळणारं उपकरण घ्यावं आणि ते किती अंतरावर ठेवलं असता १०,००० लक्स मिळतात, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावं, कारण अंतर वाढलं की मात्रा झपाट्याने घटते. दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही. तो थोडा बाजूला ठेवून चहा घ्यावा, पेपर वाचावा. संध्याकाळी उशिरा वापरला तर झोप उडू शकते. कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रकाशोपचार आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, दोन्हींचा गुण सारखाच आला: ६७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये. बायपोलर आजार असेल तर प्रखर प्रकाशाने उन्माद उसळू शकतो. दृष्टिपटलाचे विकार असणाऱ्यांनी आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

'ड' जीवनसत्त्वाच्या गोळीची बाब वेगळी आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याची सरकारी शिफारस आहे आणि सावळ्या त्वचेच्या माणसांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असं तिथे सांगितलं जातं. हाडांसाठी ती जरूर घ्यावी. पण अमेरिकेत १८,००० हून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत या जीवनसत्त्वाने नैराश्य टळल्याचं दिसलं नाही. मनावर परिणाम करणारा उजेड डोळ्यांतून जातो. त्याची जागा गोळी घेऊ शकत नाही.

हिवाळ्याकडे पाहण्याची सवय

प्रकाशोपचाराची एक मर्यादा आहे, तो दर वर्षी नव्याने करावा लागतो. व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी १७७ रुग्णांवर प्रकाशोपचार आणि सीबीटी, म्हणजे विचार व वर्तन बदलण्याचा उपचार, यांची तुलना केली. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. दोन हिवाळ्यांनंतर मात्र प्रकाशोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना नैराश्य परतलं होतं, सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना. "हिवाळा म्हणजे सगळं संपलं" हा विचार ओळखायला शिकणं आणि पांघरुणात शिरावंसं वाटतं नेमक्या त्याच वेळी ठरवून एखादं आवडीचं काम हाती घेणं, हा या उपचाराचा गाभा. शिकलेली गोष्ट पुढच्या वर्षीही साथ देते.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. कारी लीबोविट्झ आणि योआर विट्टरशो यांना आढळलं, की नॉर्वेत जसजसं उत्तरेकडे जावं तसतसा लोकांचा हिवाळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक सकारात्मक होत जातो. हिवाळा सोसत बसायचं नाही, त्यात स्कीइंग करायचं, मेणबत्त्या लावून जेवायला जमायचं, अशी तिथली रीत. परक्या देशात आपण ती रीत उचलू शकतो आणि आपलीही त्यात घालू शकतो. मंडळाची नाटकाची तालीम, भजन, शनिवारची सामूहिक पंगत हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत मुद्दाम वाढवावं. तिथली महाराष्ट्र मंडळं हे सहज करू शकतील.

उपायांची तयारी ऑक्टोबरमध्येच हवी, कारण नैराश्य आल्यावर दिवा मागवण्याचीही उमेद उरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, काम करणं अवघड झालं, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. मरणाचे विचार येत असतील तर क्षणभरही थांबू नये. ब्रिटनमध्ये १११ वर, भारतात 'टेली-मानस'च्या १४४१६ वर फोन करता येतो.

आणि इथल्या आईबाबांना एक विनंती. "एवढा चांगला पगार आहे, मग उदास व्हायला काय झालं?" हा प्रश्न विचारू नका. डिसेंबरात लंडनला उजाडतं तेव्हा पुण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. जेवणं आटोपल्यावर त्याच वेळी फोन करा आणि लेकीला सांगा, "कोट घाल, बाहेर पड, चालता चालता बोलू." तिचं बोलणं होईल, तिला उजेडही मिळेल. आणि हे पुण्यातून रोज करता येण्यासारखं आहे.